कच्ची पावती

बोरा बाजारात मुस्तनसीरभाईनं
जुना कॅमेरा फडक्यानं पुसून हातात दिला,
कच्ची पावती फाडली आणि विचारलं,
“काढणार कशात? रॉ की जेपेग?”
जसं उडप्याकडे विचारतात,
साखर कमी की नेहमीची.

मी म्हटलं, फरक काय?
“साहेब, तुम्ही हिशेबातले ना?
रॉ म्हणजे रोजमेळ.
जेपेग म्हणजे ताळेबंद.”

लालबागच्या एका मसाल्याच्या पेढीत
एकतीस वर्षं मी दोन्ही लिहिले.
पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

रोजमेळात सगळं येतं :
हमालाचा चहा, उंदरानं फाडलेलं पोतं,
शेटच्या मेव्हण्यानं गल्ल्यातून नेलेले चाळीस.
मार्च संपता संपता पैसे गळतात, रुपये उरतात.
चहा, पोतं आणि मेव्हणा
‘किरकोळ खर्च’ या एका ओळीत
मांडीला मांडी लावून बसतात.
बेरीज जुळते.
आणि तीही खोटी नसते, हे मी शपथेवर सांगेन.

तरी रिटायर माणूस, वेळ होता,
मी रॉ घेतलं.

मग कार्ड भरलं, दुसरं आणलं,
मग एक डबी आली, दोन टेराबाइटची,
ती तांदळाच्या डब्याशेजारी बसली.
दोनशे बारा तर नुसते कावळे.
मृण्मयी म्हणाली, “बाबा, हे बघणार कोण?”
रोजमेळही कोणी बघत नसे.
ऑडिटर यायचा तेवढाच, तोही जेवून जायचा.

भाऊच्या धक्क्यावर एकदा उजाडताना
हिराजी तांडेल नाळेवर उभा होता,
सूर्य नेमका त्याच्या पाठीशी.
मागच्या पडद्यावर पाहिलं तर
कोळशानं काढलेला माणूस.
घरी येऊन सावल्यांची पट्टी
हळूहळू उजवीकडे ओढली.
आधी त्याच्या मिशा आल्या,
मग बंडीवर चिकटलेले खवले,
मग, केबिनच्या आत, बर्फाच्या पेटीला टेकून
झोपलेला एक पोरगा.
आठ-नऊ वर्षांचा. एका पायात चप्पल.

मी त्याला पाहिलंच नव्हतं.
नोंद मात्र झाली होती.

हिराजीला फाईल पाठवली.
“उघडत नाय,” म्हणाला.
मग जेपेग करून पाठवला, सगळं उजळून,
मोठ्या कौतुकानं.
त्याचा फोन आला. गप्प होता जरा.
“फोटू झ्याक हाय. पन त्या पोराला
परत काला करा.
त्याचे आयेला वाटतंय, पोरगा शालंत हाय.”

एवढंच बोलला.
मीही जास्त विचारलं नाही.
पट्टी डावीकडे नेली,
पोरगा, पेटी, चप्पल, सगळं
किरकोळ खर्चात टाकलं.
तो फोटो हिराजीच्या घरी फ्रेममध्ये आहे म्हणतात,
त्याच्या मिशा छान आल्यात.

आता मी जेपेगच काढतो.
भाच्याचा साखरपुडा, गच्चीवरची कुंडी,
सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेंगणारे सेक्रेटरी.
कॅमेरा ठरवतो काय ठेवायचं,
मी हरकत घेत नाही.
डबी रिकामी केली, कावळे गेले,
हिला तांदळाशेजारी जागा मिळाली.

ती एक फाईल तेवढी ठेवली आहे.
रात्री झोप नाही आली की कधी उघडतो.
दुसरी चप्पल कुठं आहे, शोधतो.
पट्टी उजवीकडे, अजून उजवीकडे,
पार टोकाला नेतो.
तिथं आता काही येत नाही,
नुसते जांभळे दाणे,
सांडलेल्या मोहरीसारखे.